हात पुढे करण्याआधी

"रगत नको काढू, पोरी. आधीच अंगात कुठं राह्यलंय?"

पदराखाली हात दाबून धरलेली बाई असं म्हणते, तेव्हा तिच्याशी वाद घालायचा नसतो. राजूरच्या पलीकडच्या वाडीतून ती पहिल्या एसटीने आलेली असते. भाताची आवणी अर्धी टाकून आलेली असते. चालताना दम लागतो, वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून आलेली असते. तिला गोळ्या हव्या असतात आणि आम्ही तिला सुई दाखवतो. घाबरली तर नवल काय?

अकोले तालुक्यात रक्त काढायचं आणि तपासायचं काम मी गेली कित्येक वर्षं करते आहे. अशा वेळी मी एका नव्या सिरिंजमध्ये पाच मिली पाणी ओढते आणि ते चहाच्या चमच्यात सोडते. चमचा भरतो. "एवढंच?" असं विचारतात. हो, एवढंच. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. तपासणीसाठी दोन-तीन ट्यूब भरल्या, तरी सगळं मिळून दोन चमच्यांच्या वर जात नाही. रक्तदान करणारा माणूस एका वेळी ३५० मिली देतो, चहा-बिस्किट खातो आणि घरी जातो. ज्या बाईला वाटतं की अंगात रक्त कमी आहे, तिचंच रक्त तपासणं सगळ्यात गरजेचं असतं. गरोदरपणात हिमोग्लोबीन ११च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. ७च्या खाली गेलं की आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं. हा आकडा डोळ्यांचा पांढरेपणा बघून सांगता येत नाही.

तेव्हा नको म्हणू नका. पण नुसता हात पुढे करून दुसरीकडे बघतही बसू नका. सुई टोचेपर्यंतची आणि नंतरची ती पाच मिनिटं जितकी आमची, तितकीच तुमची आहेत. त्या वेळात काय होतं ते तुम्हाला कळलं पाहिजे, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी नाव. याबद्दल मला माझीच एक चूक सांगायची आहे. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. शिबिर होतं, गर्दी होती. वेळ वाचावा म्हणून मी सकाळीच यादी बघून सगळ्या ट्यूबांवर नावं लिहून ठेवली. एकाच वाडीतल्या दोन बाया, नाव एक, आडनाव एक. हाक मारली, पहिली आली, तिचं रक्त मी दुसरीच्या ट्यूबमध्ये भरलं. संध्याकाळी वयाचा मेळ बसेना म्हणून लक्षात आलं. दोघींना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावं लागलं. त्यांचा एकेक रोज बुडाला. त्या काही बोलल्या नाहीत, याचंच मला जास्त लागलं. ती तपासणी रक्तगटाची असती आणि चूक लक्षात आली नसती, तर पुढे एखादीला चुकीचं रक्त चढलं असतं. त्यात माणूस दगावतो.

त्या दिवसापासून मी आधी नाव लिहीत नाही. रक्त काढते आणि रुग्ण समोर असतानाच ट्यूबवर लिहिते. "तुम्ही अमुकच ना?" असंही विचारत नाही, कारण घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा, वय सांगा, गाव सांगा" असं विचारते. आपल्याकडे वाडीच्या वाडी एका आडनावाची असते. म्हणून नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव आणि वाडीचं नाव सांगायलाच हवं. तुम्हाला कुणी नाव न विचारता सुई उचलली, तर हात मागे घ्या आणि स्वतःहून नाव सांगा. उठायच्या आधी ट्यूबवर काय लिहिलं ते बघा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. कुणाला राग आला तर येऊ द्या.

मग सामान. टेबलावर जे मांडलेलं असतं त्यात गूढ काही नाही. एक रबरी पट्टा, स्पिरिटचा बोळा, कोरडा कापूस, सुई आणि सिरिंज, किंवा सुई बसवायचा होल्डर, रंगीत टोपणांच्या ट्यूबा, हातमोजे आणि वापरलेली सुई टाकायचा जाड डबा. सुई आणि सिरिंज सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर फोडलेली असली पाहिजे. हे बघायला शिक्षण लागत नाही. राजूरच्या प्रदर्शनात डांगी बैल घेताना आपण त्याचं तोंड उघडून दात बघतो. स्वतःच्या शिरेत जाणाऱ्या सुईचं पाकीट बघायला लाजायचं कारण नाही.

एकाची सुई दुसऱ्याला वापरली की काय होतं, हे शेजारच्या गुजरातने पाहिलं आहे. २००९ साली साबरकांठा जिल्ह्यात मोडासा भागात हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, वापरलेल्या सिरिंजांमधून पसरली आणि कितीतरी माणसं गेली. या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस जगू शकतो. एचआयव्हीपेक्षा ती सुईतून फार सहज लागते. सुई धुतली, पुसली, गरम पाण्यात बुडवली असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. काचेच्या सिरिंजा उकळून वापरायचा काळ गेला.

पट्टा कोपराच्या वर चार बोटांवर बांधतात. शीर फुगावी एवढाच त्याचा उपयोग. तो एका मिनिटाच्या वर आवळलेला राहू नये. जास्त वेळ राहिला की रक्त तिथे दाटतं आणि काही आकडे खोटे वाढतात. "मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा" असं जोरात करायला लावणंही चूक आहे, त्याने पोटॅशियम वाढलेलं दिसतं. मूठ एकदा हलकी मिटली की पुरे. स्पिरिट लावल्यावर ते वाळू द्यायचं, साधारण अर्धं मिनिट. ओल्या स्पिरिटवर सुई घातली की चरचरतं, आणि स्पिरिट सुईबरोबर आत गेलं तर रक्तपेशी फुटतात. पुसल्यानंतर शीर सापडेना म्हणून पुन्हा तिथे बोट लावलं, तर पुन्हा पुसायला हवं. ज्याला घाई असते तो नेमकं हे अर्धं मिनिट खातो.

थंडीच्या दिवसांत, म्हणजे पौषातल्या सकाळी, शिरा आत दबून बसतात. म्हाताऱ्या माणसांच्या तर दिसतच नाहीत. रिकाम्यापोटी यायचं म्हणून लोक पाणीही पीत नाहीत, त्याने शीर आणखी बारीक होते. पाणी प्या. साधं पाणी चालतं, कुठल्याही नेहमीच्या रक्ततपासणीला चालतं. येताना हात चादरीत गुंडाळून आणा, थोडा वेळ खाली सोडून बसा. शीर वर येते.

आता उपाशीपोटीची गोष्ट. साखर बघायची तर आठ तास पोटात काही नको, असं आम्ही सांगतो आणि मराठी घरात ऐकू काय येतं? उपास! एकादशीला एक आजी आल्या. विचारलं, "आजी, काही खाल्लंय?" म्हणाल्या, "छे, आज उपास आहे माझा." रक्त काढलं, साखर भरमसाट. पुन्हा खोदून विचारलं तेव्हा कळलं, पहाटे साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती आणि वर गोड चहा. आजींचं काही चुकलं नव्हतं. शब्द आम्ही चुकीचा वापरला होता. तेव्हापासून मी सांगते, "रात्री जेवलात की नंतर फक्त पाणी. चहा नको, दूध नको, फळ नको, खिचडी नको, वरई नको. मिश्री आणि तंबाखूसुद्धा रक्त काढून झाल्यावर." जेवणानंतरची साखर असेल तर पहिला घास तोंडात घातला तिथून दोन तास मोजायचे, हात धुतल्यापासून नाही.

पण सगळ्याच तपासण्यांना उपाशी यावं लागत नाही, हे कुणी सांगतच नाही. हिमोग्लोबीन, मलेरिया, डेंग्यू, थायरॉइड, रक्तगट, तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी, यांना जेवून आलात तरी चालतं. घाटघर-साम्रदच्या बाजूने निघालेली गरोदर बाई दुपारी बारापर्यंत उपाशी बसते आणि मग भोवळ येऊन पडते, तेही नुसत्या हिमोग्लोबीनसाठी. हे मला बघवत नाही. कुठली तपासणी आहे ते आदल्या दिवशी आशाताईंना विचारा आणि नको असेल तर भाकरी खाऊन या.

कोणत्या हातातून रक्त काढायचं, यातही तुमचं तोंड उघडावं लागतं. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्यातून नाही. डायलिसिससाठी ज्या हातावर शिरा जोडून घेतल्या आहेत, त्या हाताला तर कुणाला पट्टाही बांधू देऊ नका. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या बाईने त्या बाजूचा हात देऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. आधी कधी भोवळ आली असेल तर तेही सांगा, आम्ही आडवं झोपवून रक्त काढतो. त्यात कमीपणा नाही. नांगर धरणारे धिप्पाड गडी सुई बघून गार पडलेले मी पाहिले आहेत. शरीराची ती रीत आहे, एकदम रक्तदाब उतरतो. पाय वर करून पाच मिनिटं झोपलं की माणूस ठीक होतो. खुर्चीवरून पडून डोकं फुटणं मात्र टाळता येण्यासारखं असतं.

रक्त काढून झालं की पट्टा आधी सुटतो, सुई नंतर निघते. मग कापूस. इथे जवळजवळ प्रत्येक जण एक चूक करतो, कोपर दुमडून कापूस त्यात धरतो. हात सरळ ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी दाबा. दोन-तीन मिनिटं दाबा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर पाच मिनिटं किंवा त्याहून जास्त. चोळू नका. कोपर दुमडलं की शिरेचं छिद्र उघडं राहतं, रक्त कातडीखाली पसरतं आणि दुसऱ्या दिवशी हात काळानिळा दिसतो. मग वाडीत बातमी पसरते की त्या बाईने सुई चुकीची मारली. आमचंही कधी चुकतं, नाकारत नाही. एका माणसाने दोनदा प्रयत्न केला आणि शीर मिळाली नाही, तर तिसऱ्यांदा त्यानेच टोचू नये, दुसऱ्या अनुभवी हाताला बोलवावं. हे तुम्ही नम्रपणे सांगू शकता.

लहान मुलांच्या बाबतीत एकच मागणं आहे, त्यांच्याशी खोटं बोलू नका. "काही होत नाही, बाई फक्त बघणार आहेत" असं सांगून आणलेलं पोर पुढे जन्मभर दवाखान्याला भितं. "मुंगी चावल्यासारखं होईल, मी धरते तुला" असं सांगा आणि मांडीवर घट्ट धरा. तान्ह्या बाळाचं रक्त टाचेतून घेतात, तेही टाचेच्या कडेच्या बाजूने, मधोमध कधीच नाही, कारण तिथे हाड जवळ असतं. मोठ्यांच्या बोटातून घेताना मधलं किंवा अनामिका निवडतात, बोटाच्या टोकाची बाजू टोचतात आणि पहिला थेंब पुसून टाकतात. बोट पिळून काढलेल्या रक्तात अंगातलं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबीन आहे त्याहून कमी दिसतं.

ट्यूबांचे रंग शोभेचे नाहीत. जांभळ्या टोपणात रक्त गोठू न देणारं औषध असतं. त्यात पेशी मोजतात, हिमोग्लोबीन बघतात. निळ्या टोपणाची ट्यूब रक्त किती वेळात गोठतं ते बघायची, ती खुणेपर्यंतच भरावी लागते. लाल टोपणात रक्त गोठू देतात आणि वरचं पिवळसर पाणी तपासतात. करड्या टोपणाची ट्यूब साखरेची. बाहेर काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये दर तासाला पाच-सात टक्के साखर कमी होत जाते. करड्या ट्यूबमधलं फ्लोराइड हे खाणं थांबवतं. शहरात प्रयोगशाळा जिन्याखाली असते, तिथे याचं एवढं अडत नाही. आपल्याकडे वाडीवर काढलेलं रक्त घाट उतरून अकोल्याला, कधी पुढे संगमनेरला जातं. पावसात रस्ता बंद असला तर दुपार होते. साखरेचं रक्त साध्या ट्यूबमध्ये गेलं, तर ज्याला मधुमेह आहे त्याची साखर कागदावर चांगली दिसेल, आणि तो गोळी बंद करेल. म्हणून घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाला विचारा, साखरेची ट्यूब करडीच आहे ना? थंड पेटी आणली आहे ना? ट्यूब बर्फाला चिकटलेली नको, पेशी फुटतात. गाडीच्या डिकीत तापलेली नको. कावीळ बघायची असेल तर उन्हात उघडी ठेवलेली नको, उजेडाने बिलिरुबिन घटतं.

या मुला-मुलींशीही दोन शब्द. डीएमएलटी, म्हणजे प्रयोगशाळेतल्या तपासणीचा कोर्स, करून तुम्ही गावाकडे परत आलात, याचं मला फार अप्रूप आहे. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, अक्षरओळख नसलेल्या बायांना आरोग्याचं काम शिकवलं आणि त्या बायांनी ते करून दाखवलं. हात शिकतो, फक्त दर वेळी सगळं करावं लागतं. दर रुग्णाला हात धुणं, नवे हातमोजे. जांभळी ट्यूब भरली की आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करणं, हलवून घुसळणं नाही. लाल किंवा निळ्या ट्यूबच्या आधी जांभळी भरायची नाही, त्यातलं औषध दुसरीत गेलं तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. दट्ट्या दाबून रक्त जोराने ट्यूबमध्ये मारायचं नाही. आणि वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालायचं नाही, कधीच नाही. पुष्कळदा बोटात सुई घुसते ती याच क्षणी. घुसलीच तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. साबण-पाण्याने धुवा आणि त्याच तासात ग्रामीण रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस झाले नसतील तर या आठवड्यात पहिला घ्या. वापरलेली सुई जाड पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, प्लास्टिक लाल पिशवीत. २०१६ पासूनच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलं आहे. प्रवरेच्या काठावर किंवा भंगाराच्या ढिगात सुई टाकाल, तर ती आपल्याच एखाद्या पोराच्या पायात घुसेल.

आता सिकलसेल, म्हणजे आई-बापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. आदिवासी भागांसाठी त्याची तपासणी १ जुलै २०२३ला राष्ट्रीय मोहीम म्हणून सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना तपासायचं असं तेव्हा ठरलं. बोटातल्या थेंबावर पहिली चाचणी होते. तीत शंका आली तर शिरेतून जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन पक्की तपासणी करतात. पहिल्या चाचणीवरच कुणाच्या पोरीला नावं ठेवू नका, सोयरीक मोडू नका. नुसता वाहक असलेला माणूस रोगी नसतो. पण आई-बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता बाळाला आजार होण्याची असते. लग्नाआधी दोघांनी रक्त देणं हे पत्रिका बघण्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे, असं मला मनापासून वाटतं. मागच्या तीन महिन्यांत कुणाला रक्त चढवलं असेल तर तसं सांगा, नाहीतर दुसऱ्याच्या रक्ताने निकाल फिरतो.

पैशांमुळे कुणी थांबत असेल तर ऐका. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार आणि तपासण्या १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. केस पेपरलाही पैसे नाहीत.

आणि एक. रक्त देताना फोन नंबर विचारतात तेव्हा कुठलातरी देऊन मोकळं होऊ नका. पावसाळ्यात एका तापाच्या माणसाच्या प्लेटलेट फार खाली आल्या होत्या. त्याला लगेच भरती करायला हवं होतं. मी संध्याकाळपर्यंत फोन लावत होते, "संपर्क क्षेत्राच्या बाहेर". शेवटी मुक्कामी एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी दिली, त्यांनी ती रात्री घरी पोचवली आणि माणूस सकाळी दवाखान्यात आला. दर वेळी असा कंडक्टर भेटेलच असं नाही. तुमच्या घरात रेंज नसेल तर ज्याच्या ओट्यावर रेंज येते त्याचा नंबर द्या, दुकानदाराचा द्या, आशाताईंचा द्या. दोन नंबर द्या. आणि निघताना विचारून जा, रिपोर्ट किती वाजता मिळेल.